जुन्या चलच्चित्रांतील मालगाड्या आणि डिझेल इंजिने : इतिहासाचे साधन म्हणून एक विचार

सारांश

विसाव्या शतकाच्या मध्यात अमेरिकेतील रेल्वेमार्गांवर वाफेच्या इंजिनांची जागा डिझेल इंजिनांनी घेतली. या स्थित्यंतराचे चित्रण छंदी रेल्वेप्रेमींनी लहान कॅमेऱ्यांतून मोठ्या प्रमाणावर केले. ही फिल्म आज बहुधा स्मरणरंजन म्हणून पाहिली जाते. ती इतिहासाचे साधन म्हणून वापरावयाची झाल्यास तिचा काळ कसा ठरवावा, तिच्यावर कोठवर विसंबावे आणि कोणते प्रश्न तिला विचारू नयेत, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. अखेरीस भारतीय, विशेषतः महाराष्ट्रातील संदर्भाचा विचार केला आहे.

प्रस्तावना

इतिहासाच्या अभ्यासात लिखित दस्तऐवजाला जे स्थान आहे, ते चलच्चित्राला अद्याप पूर्णपणे लाभलेले नाही. त्यातही प्रवासी गाड्यांच्या मानाने मालगाड्या उपेक्षितच राहिल्या. वस्तुतः एखाद्या प्रदेशात काय पिकत होते, काय घडविले जात होते आणि ते कोठे जात होते, याचे चालते चित्र मालगाडीत दिसते. मालगाडीच्या जुन्या फिल्ममध्ये प्रेक्षकाची दृष्टी इंजिनावर खिळते. परंतु अभ्यासकाला हवा असलेला पुरावा बहुधा इंजिनामागील वाघिणींवर, गाडीवरील माणसांत आणि चौकटीच्या कडांवर असतो. हा या लेखाचा मुख्य मुद्दा होय. विवेचनासाठी अमेरिकेतील १९४० ते १९८० या कालखंडाची निवड केली आहे, कारण या विषयावरील छंदी चित्रणाचे मोठे भांडार तेथे आहे.

१. पार्श्वभूमी : वाफेकडून डिझेलकडे

१९३९ मध्ये जनरल मोटर्सच्या इलेक्ट्रो-मोटिव्ह या उपकंपनीने 'एफटी' जातीचे १०३ क्रमांकाचे प्रात्यक्षिक इंजिन तयार केले. प्रत्येकी १,३५० अश्वशक्तीच्या चार घटकांचा हा संच एकाच चालकाच्या नियंत्रणाखाली ५,४०० अश्वशक्ती देत असे. त्याने सुमारे वर्षभरात वीस रेल्वे कंपन्यांच्या मार्गांवर ८३ हजारांहून अधिक मैल धावून मालवाहतुकीतील डिझेलची योग्यता सिद्ध केली. ज्यांच्या मार्गांवर पाण्याचे दुर्भिक्ष होते, अशा सांता फे कंपनीसारख्या कंपन्यांना त्याचे महत्त्व तत्काळ पटले. वाफेच्या इंजिनाला ठिकठिकाणी पाणी घ्यावे लागे. डिझेलला ती गरज उरली नाही.

या इंजिनात डिझेल यंत्र थेट चाके फिरवीत नाही. ते विद्युत जनित्र चालविते आणि त्या विजेवर आसांना जोडलेल्या मोटारी फिरतात. त्यामुळे स्थिर अवस्थेतूनच मोठी ओढशक्ती मिळते आणि अनेक इंजिने तारांनी जोडून एका चालकाच्या हाती देता येतात. जुन्या फिल्ममध्ये एकाच गाडीपुढे तीन-चार इंजिने, प्रसंगी वेगवेगळ्या रंगांची, दिसतात त्याचे कारण हेच.

पुढे 'एफ-३' व 'एफ-७' ही गोलसर नाकाची, पूर्ण रुंदीच्या कवचाची इंजिने रूढ झाली. ती देखणी होती, पण त्यांच्या चालकाला मागचे फारसे दिसत नसे. १९४९ मध्ये आलेल्या 'जीपी-७' या इंजिनाचे यंत्र अरुंद आच्छादनात बसविले होते आणि दोन्ही बाजूंनी चालण्यास जागा ठेवली होती. त्यामुळे तेच इंजिन मुख्य मार्गावर मालगाडी ओढू शके आणि यार्डात शंटिंगही करू शके. १९६० मध्ये नॉरफोक अँड वेस्टर्न या कंपनीने नियमित वाहतुकीतून वाफेची इंजिने निवृत्त केली आणि तेथील प्रमुख मार्गांवरील वाफेचे युग संपले.

२. चित्रण करणारा आणि त्याची फिल्म

छंदी चित्रकाराने काय टिपले हे जसे त्याच्या आवडीवर अवलंबून होते, तसेच ते फिल्मच्या किमतीवर आणि लांबीवरही अवलंबून होते. १६ मिलिमीटर फिल्म १९२३ मध्ये, ८ मिलिमीटर फिल्म १९३२ मध्ये आणि 'सुपर-८' ही १९६५ मध्ये बाजारात आली. सुपर-८ च्या ५० फुटी कार्ट्रिजमध्ये, सेकंदाला १८ चौकटी या गतीने, केवळ ३ मिनिटे २० सेकंदांचे चित्रण होत असे.

आता शंभर वाघिणींची एक मालगाडी घेऊ. चाळीस फुटी बंद वाघिणीची जोडणीसह लांबी सुमारे ४४ फूट असते. म्हणजे गाडीची लांबी सव्वा किलोमीटरहून अधिक झाली. ताशी ४० किलोमीटर वेगाने ती पूर्ण जाण्यास सुमारे दोन मिनिटे लागतात. एक गाडी संपूर्ण टिपावयाची तर निम्म्याहून अधिक कार्ट्रिज खर्ची पडे. साहजिकच बहुतेक जण इंजिने पुढे गेली की कॅमेरा बंद करीत आणि फार तर शेवटचा डबा येताना पुन्हा सुरू करीत. जुन्या फिल्ममध्ये वाघिणी कमी आणि इंजिने जास्त दिसतात, ती त्या काळच्या वाहतुकीची नव्हे, तर फिल्मच्या काटकसरीची साक्ष होय. संपूर्ण गाडी दाखविणारी फिल्म आढळल्यास ती म्हणूनच विशेष मोलाची मानावी.

३. काळनिश्चितीची साधने

जुन्या फिल्मवर बहुधा तारीख नसते, किंवा नंतर कोणी आठवणीने घातलेली असते. अशा वेळी पुढील खुणा उपयोगी पडतात.

(अ) फिल्मची कड : ईस्टमन कोडॅक कंपनी फिल्मच्या कडेवर वर्तुळ, चौरस, त्रिकोण अशी चिन्हे छापीत असे. त्यांच्या संयोगावरून निर्मितीचे वर्ष कळते. मात्र ही चिन्हे वीस वर्षांनी पुन्हा येत; एकच खूण १९३० ची असू शकते, १९५० ची किंवा १९७० चीही. शिवाय हे वर्ष फिल्म तयार झाल्याचे आहे, चित्रणाचे नव्हे. कडेवरील खूण आणि चौकटीतील दृश्य यांचा मेळ घातल्यावरच निर्णय करता येतो.

(आ) कंपनीची नावे : पेन सेंट्रल ही कंपनी १९६८ मध्ये विलीनीकरणातून निर्माण झाली, १९७० मध्ये दिवाळखोरीत गेली आणि १९७६ मध्ये तिचे मार्ग कॉनरेलकडे आले. बर्लिंग्टन नॉर्दर्न १९७० ची. वाघिणीवर कॉनरेलचे नाव दिसले तर चित्रण १९७६ पूर्वीचे नाही, हे निश्चित होते. उलट अनुमान मात्र धोक्याचे आहे. जुना रंग आणि जुने नाव विलीनीकरणानंतरही वर्षानुवर्षे टिकून राहत असे. नवे नाव अलीकडची मर्यादा ठरविते. जुने नाव काहीच सिद्ध करीत नाही.

(इ) वाघिणींची घडण : १९६६ पासून नव्या बंद वाघिणींवर छतावरील चालण्याच्या फळ्या बसविणे बंद झाले. बर्फाच्या कप्प्यांच्या शीत वाघिणी १९७० च्या दशकाच्या आरंभापर्यंत नाहीशा झाल्या. वाघिणीच्या बाजूवर रंगीत आडव्या पट्ट्यांचा फलक दिसल्यास तो 'कारट्रॅक' या स्वयंचलित ओळख पद्धतीचा होय. रेल्वे संघटनेने ती १९६७ मध्ये स्वीकारली, पण फलक मळल्याने ते नीट वाचले जाईनात, म्हणून १९७७ मध्ये ती सोडून दिली. इतकी नेमकी खूण क्वचितच मिळते. बांधणीचा महिना व वर्षही वाघिणीवर रंगविलेले असे. चित्र स्पष्ट असेल तर ते वाचता येते.

४. दृश्यातील माणसे

गाडीच्या शेवटच्या डब्याला तेथे 'कॅबूस' म्हणत. आपल्याकडील गार्डाच्या ब्रेकव्हॅनशी त्याचे साम्य आहे. त्याच्या छतावरील उंचवट्यात बसून कर्मचारी पुढच्या वाघिणींवर नजर ठेवीत, कारण आसाच्या टोकाशी असलेल्या साध्या बेअरिंगचे तेल संपले की ते तापून धूर निघे आणि आस तुटून अपघात होई. पुढे रोलर बेअरिंगे आली, मार्गालगत उष्णता ओळखणारी उपकरणे बसली आणि १९८० च्या दशकात कॅबूसची जागा शेवटच्या वाघिणीवर लावलेल्या एका लहान पेटीने घेतली. फिल्ममध्ये आसाच्या टोकाशी झाकणाची चौकोनी पेटी दिसते की फिरणारे टोपण, एवढ्या बारकाव्यातूनही एका कामाचा उदयास्त वाचता येतो.

चित्राची मर्यादाही येथेच उघड होते. डिझेल इंजिनाला कोळसा घालावा लागत नाही. तरीही १९३७ च्या करारान्वये त्यावर फायरमनची नेमणूक होत असे. कंपन्यांनी ती अनावश्यक ठरविली, तर संघटनांनी सुरक्षिततेच्या व उपजीविकेच्या कारणास्तव ती राखण्याचा आग्रह धरला. हा वाद इतका चिघळला की १९६३ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून लवाद सक्तीचा केला. लवादाच्या निर्णयाने मालगाड्या व यार्डांतील फायरमनची ९० टक्के पदे क्रमाने रद्द करण्यास मुभा मिळाली.

आता १९६५ च्या सुमाराच्या फिल्ममध्ये चालकाच्या डाव्या बाजूला एक मनुष्य बसलेला दिसतो असे समजू. तो फायरमन असेल किंवा पुढील ब्रेक्समन. दोघेही तेथेच बसत. चित्र याचे उत्तर देत नाही. त्यासाठी करार, वेतनपत्रके व संघटनांचे कागदच पाहावे लागतात. प्रेक्षकाला मनोहर वाटणारे ते दृश्य कोणाच्या तरी उपजीविकेच्या अखेरच्या वर्षांचे असू शकते, ही जाणीव विद्यार्थ्यांना देणे हे अशा साधनाच्या अध्यापनाचे एक प्रयोजन होय.

५. वेग आणि ध्वनी यांविषयी सावधगिरी

८ मिलिमीटरचे कॅमेरे साधारणतः सेकंदाला १६ चौकटी टिपीत. तीच फिल्म २४ चौकटींच्या गतीने दाखविली तर वेग दीडपट दिसतो. समजा, ४४ फुटांची एक वाघीण एखाद्या खांबासमोरून जाण्यास २४ चौकटी लागतात. चित्रणाची गती १६ असेल तर हा काळ दीड सेकंद, म्हणजेच वेग ताशी सुमारे २० मैल. गती २४ मानली तर काळ एक सेकंद आणि वेग ताशी ३० मैल. मूळ गती ठाऊक असल्याखेरीज वेगाविषयी कोणतेही विधान करू नये.

ध्वनीची स्थिती अधिक बिकट आहे. सुपर-८ ची ध्वनियुक्त फिल्म १९७३ मध्ये आली. त्यापूर्वीचे बहुतांश छंदी चित्रण मूक आहे. आज ऐकू येणारा आवाज बहुधा नंतर जोडलेला असतो, आणि तो त्याच इंजिनाचा असेल याची खात्री नसते. इलेक्ट्रो-मोटिव्हचे यंत्र द्विधाव, तर अल्को कंपनीचे चतुर्धाव; दोहोंचा नाद जाणकाराला लगेच वेगळा कळतो. दृश्यात मात्र अल्कोची एक खूण मूकपणेही दिसते. वेग वाढविताना टर्बोचार्जर पुरेशी हवा पुरवू लागण्यापूर्वीच इंधन वाढते आणि धुराड्यातून काळा धूर उसळतो.

६. भारतीय संदर्भ

हा धूर मराठी वाचकाला अपरिचित नाही. भारतीय रेल्वेने १९५७ नंतर अल्कोची 'डब्ल्यूडीएम-१' इंजिने आणि १९६२ मध्ये २,६०० अश्वशक्तीची 'डब्ल्यूडीएम-२' इंजिने आयात केली. त्याच वर्षी जनरल मोटर्सचीही 'डब्ल्यूडीएम-४' इंजिने आली. पण तंत्रज्ञान हस्तांतराचा करार अल्कोशी झाला. १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात 'डब्ल्यूडीएम-२' तयार होऊ लागले. मूळ कंपनीने १९६९ मध्ये इंजिनांची निर्मिती थांबविली, परंतु तिचा वारसा भारतात पुढे अनेक दशके चालू राहिला. अमेरिकेतील अल्को इंजिनांचे चित्रण हा म्हणूनच आपल्या रेल्वेच्या पूर्वेतिहासाचाही भाग आहे.

आपल्याकडे असे छंदी चित्रण मात्र विरळ आहे. फिल्म महाग होती आणि रेल्वेच्या हद्दीत चित्रणासाठी पूर्वपरवानगीची अट होती. त्यामुळे उपलब्ध असेल ते अधिकच जपावयास हवे. याचे निकटचे उदाहरण कोकण रेल्वेचे. हा मार्ग १९९८ मध्ये सलग सुरू झाला आणि १९९९ मध्ये कोलाड ते वेर्णा या टप्प्यात भरलेले ट्रक सपाट वाघिणींवरून नेण्याची 'रो-रो' सेवा सुरू झाली. मार्गाचे विद्युतीकरण टप्प्याटप्प्याने होऊन २०२२ मध्ये पूर्ण झाले. डिझेल इंजिनामागे ट्रकांची रांग आणि वर तारांविना मोकळे आकाश, असे घरगुती व्हिडिओ कॅमेऱ्यावरील दृश्य आज ऐतिहासिक झाले आहे. तारा आणि खांब यांचा अभाव हीच तेथील काळाची खूण होय.

७. जतनाचा प्रश्न

अॅसिटेट फिल्म उष्ण व दमट हवेत विघटित होऊन तिला शिरक्यासारखा वास येऊ लागतो; एकदा सुरू झालेली ही प्रक्रिया थांबविता येत नाही, फक्त थंड व कोरड्या जागेत मंदावता येते. अंधारात ठेवलेल्या कोडॅक्रोमचे रंग दीर्घकाळ टिकतात, तर अन्य अनेक रंगीत फिल्म लालसर पडतात. व्हिडिओ टेपचे आयुष्य त्याहून कमी. अंकीय प्रत काढल्यावर मूळ फिल्म टाकून देण्याची प्रवृत्ती सर्वांत घातक होय, कारण प्रत करताना कडा कापल्या जातात आणि कडेवरील चिन्हे कायमची नष्ट होतात.

महाविद्यालयीन पातळीवर पुढील गोष्टी सहज करता येण्याजोग्या आहेत : परिसरातील निवृत्त रेल्वे कर्मचारी व छंदी चित्रकार यांच्याकडील फिल्म व टेपची सूची करणे; डब्यांवरील हस्तलिखित नोंदी जशाच्या तशा उतरविणे; कडांसह पूर्ण रुंदीची प्रत काढणे; आणि चित्रण करणारा हयात असताना त्याच्याकडून स्थळ, ऋतू व प्रसंग विचारून घेणे.

निष्कर्ष

मालगाडीचे जुने चलच्चित्र हे विश्वसनीय, परंतु अपुरे साधन आहे. वाघिणींवरील नावे, घडण व खुणा यांबाबत ते कागदाहून अधिक नेमके ठरू शकते. वेग, ध्वनी आणि माणसांच्या भूमिका यांबाबत ते फसवू शकते. कड, दृश्य आणि दस्तऐवज यांचा परस्परांशी मेळ घातल्यावरच त्यातून इतिहास हाती येतो. मूळ फिल्म नष्ट झाली तर यांपैकी पहिला दुवा कायमचा तुटतो. म्हणून चित्राच्या प्रतीइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, मूळ वस्तूचे आणि तिच्यासोबतच्या नोंदींचे जतन महत्त्वाचे आहे.