बी नसलेलें झाड

शाळेच्या आवारांत, पाण्याच्या टांकीपलीकडे, हातभर लांब व खोल कातरलेल्या पानांचें जें झाड आहे, त्याचें नांव पुष्कळ विद्यार्थ्यांनीं आम्हांस विचारलें आहे. तें नीरफणसाचें; कोणी त्यास विलायती फणसहि म्हणतात. यंदा त्यास प्रथमच सात फळें धरलीं. मधल्या सुटींत त्यांचे काप ज्यांनीं चाखले त्यांच्याकडून लगेच मागणी आली, "सर, बी द्या, आम्ही गांवीं लावूं." हीच मागणी पूर्वीं आम्हीं दापोलीजवळच्या आमच्या आजोळीं केली होती. मामा हंसून म्हणाले, "अरे, ह्याला बी असतें कुठें?"

नीरफणस हा आपल्या फणसाचा भाऊबंद. वड, उंबर, अंजीर हींहि त्याच कुळांतलीं. फणसाप्रमाणेंच त्याचें फळ म्हणजे दाटीनें बसलेल्या असंख्य फुलांचा मिळून झालेला एक गोळा होय. परंतु फणसांत आठळ्या असतात. आपल्याकडील नीरफणसांत फलनावांचूनच गर भरतो आणि बी धरत नाहीं. म्हणून पांखरें किंवा ओढ्याचें पाणी ह्याचा प्रसार करूं शकत नाहीं. एका गांवाहून दुसऱ्या गांवीं हें झाड जातें तें माणसाच्या हातानेंच.

ह्याच कारणानें एका जहाजावर बंड झालेलें आहे, असें म्हटलें तर फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. वेस्ट इंडीजमधील मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांस स्वस्त अन्न मिळावें, ह्या हेतूनें 1787 सालीं कप्तान विल्यम ब्लाय हा 'बाउंटी' जहाज घेऊन ताहिती बेटाकडे निघाला. बी असतें तर पोतीं भरून परततां आलें असतें. पण रोपें कुंड्यांत जीव धरीपर्यंत व वारे अनुकूल होईपर्यंत त्यास तेथें पांच महिने राहावें लागलें. खलाशांस बेटाची गोडी लागली. हजारावर रोपें घेऊन जात असतां 28 एप्रिल 1789 रोजीं त्यांनीं बंड केलें, ब्लायला अठरा सोबत्यांसह होडींत सोडलें आणि रोपें समुद्रांत फेकून दिलीं. 1793 सालीं दुसऱ्या सफरींत ब्लायनेंच तीं जमेकास पोंचविलीं. पण गुलामांनीं तें अन्न कैक वर्षें नापसंत केलें! न विचारतां वाढलेल्या ताटाची अशी गत व्हावयाचीच.

आमची सफर दापोली ते गिरगांव एवढीच, तरी पहिल्या खेपेस आम्हीहि फसलों. नीरफणसाच्या वरच्या मुळास जखम झाली कीं तेथून फुटवा येतो. तो वैशाखांत तोडून, कागदांत गुंडाळून आम्हीं आणला. चौथ्या दिवशीं काळा पडला. मामांनीं चूक दाखविली. फुटव्याच्या दोन्ही बाजूंनीं मूळ तोडावें, पण फुटवा जागचा हलवूं नये. त्यास स्वतःचीं तंतुमुळें आलीं म्हणजे भर पावसाळ्यांत मातीसकट, ओल्या गोणपाटांत बांधून न्यावा. 2017 सालीं तसें केलें आणि झाड जगलें. मुंबईची दमट हवा त्यास मानवते. पाणी मात्र मुळाशीं तुंबतां कामा नये. झाड पन्नास फुटांवर वाढतें, तेव्हां चाळीच्या गॅलरींत डब्यांत लावण्याचा मोह टाळावा.

पालकांसाठीं थोडेंसें : सालीवर चिकाचे ठिपके दिसूं लागले कीं फळ झेल्यानें उतरावें, आपटलेलें फळ लवकर बिघडतें. सुरीस व हातांस तेल लावून साल आणि मधला दांडा काढावा. मीठ, हळद, तिखट व आमसुलाचें पाणी लावून, रव्यांत घोळवून काप तव्यावर खरपूस भाजावे. झाड नसलें तरी पावसाळ्याच्या सुमारास माटुंग्याच्या बाजारांत फळ मिळतें.

3 जून 2020 रोजीं 'निसर्ग' चक्रीवादळांत मामांचा नीरफणस मुळासकट पडला. परसांतलीं आंब्याचीं झाडें व पोफळीहि गेल्या. आंब्यांची कलमें पुन्हां लागलीं. नीरफणसाचा खड्डा मात्र मामांनीं तसाच ठेवला आहे. बी नसल्यामुळें फुटवा हें झाडाचें मूल नव्हे, तर तेंच झाड; म्हणजे टांकीपलीकडे उभा आहे तो मामांचाच नीरफणस. गेल्या पावसाळ्यांत आठवीच्या मुलांनीं त्याच्या एका मुळास जखम केली. फुटव्यास आतां चार पानें आहेत, आणि येत्या आषाढांत तो दापोलीस जावयाचा आहे. गोणपाट मुलांनीं आतांच आणून ठेवलें आहे.