रिलीज म्हणजे नुसतं बटण दाबणं नव्हे



आपल्या वाईतल्या कितीतरी घरांतली मुलं पुण्याला सॉफ्टवेअर कंपन्यांत आहेत. कृष्णाबाईच्या उत्सवाला या म्हटलं की फोनवर उत्तर येतं, "रिलीज आहे, जमणार नाही." मागच्या पालकसभेत एका आजोबांनी विचारलं, "सर, हे रिलीज म्हणजे काय हो? शेवटी बटणच दाबायचं ना?" आजचा पाठ त्यांच्यासाठी.

उदाहरण गावातलंच घेऊ. मराठी विश्वकोश वाईत तयार झाला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे प्रमुख संपादक. पहिला खंड १९७६ साली निघाला. अशा ग्रंथात तज्ज्ञाने नोंद लिहिली की लगेच छापत नाहीत. आधी तपासणी, संपादन, मुद्रितशोधन, आणि मगच छपाई. कारण प्रती वाचकांच्या हाती गेल्या की उरतं ते फक्त शुद्धिपत्र.

सॉफ्टवेअरमधली छपाई म्हणजे डिप्लॉयमेंट, म्हणजे लोक प्रत्यक्ष वापरतात त्या सर्व्हरवर नवा प्रोग्रॅम बसवणं. लिहिलेला कोड तिथपर्यंत नेणारा, ठरलेल्या क्रमाने आपोआप चालणारा मार्ग म्हणजे रिलीज पाइपलाइन. बसवण्याआधीच्या पायऱ्या साधारण अशा असतात:

१. बिल्ड: कोडपासून चालणारी प्रत तयार करणं. जी प्रत तपासली तीच पुढे जायला हवी.
२. चाचण्या: जुनी कामं अजून बरोबर होतात का, हे संगणकच तपासतो.
३. स्टेजिंग: खऱ्या सर्व्हरसारख्याच दुसऱ्या सर्व्हरवर रंगीत तालीम.
४. बॅकअप: माहितीसाठ्यात बदल होणार असेल तर आधी त्याची प्रत घेणं, आणि ती परत उतरवता येते का हेही पाहणं.
५. मंजुरी: कोड लिहिणाऱ्याने नव्हे, दुसऱ्या माणसाने द्यायची.

हे सगळं कागदावर लिहून ठेवलं की झालं, असं वाटेल. पण १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेत काय झालं ते बघा. नाइट कॅपिटल ही शेअर बाजारातली मोठी कंपनी. त्यांनी नवा कोड आठ सर्व्हरवर बसवायचा होता. तो सातच सर्व्हरवर बसला. आठव्यावर जुना, वापरातून गेलेला कोड तसाच राहिला आणि बाजार उघडताच तो जागा झाला. सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचं ४६ कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं. बसवलेलं काम दुसऱ्या कुणी तपासलंच नव्हतं. आणखी एक गोष्ट: बाजार उघडण्याआधीच त्यांच्या यंत्रणेने चुकीची सूचना देणारे ९७ ई-मेल कर्मचाऱ्यांना पाठवले होते. कुणीही त्यावर हालचाल केली नाही.

इथे पाठाचा गाभा आहे. सूचना वेगळी आणि अडसर वेगळा. घाईच्या वेळी माणूस सूचनेकडे दुर्लक्ष करतो. अडसर असेल तर त्याला थांबावंच लागतं. म्हणून या पायऱ्या पाइपलाइनमध्येच बसवायच्या. गिटहब ॲक्शन्समध्ये प्रत्येक कामापुढे 'नीड्स' लिहून आधी कोणतं काम यशस्वी व्हायला हवं ते सांगता येतं. चाचणी नापास झाली तर डिप्लॉयमेंटचं काम सुरूच होत नाही. 'प्रॉडक्शन' नावाचं एन्व्हायर्नमेंट करून त्याला मंजुरी देणारी माणसं नेमता येतात. त्यांनी होकार देईपर्यंत पाइपलाइन थांबून राहते. स्वतःच्याच कामाला स्वतः मंजुरी देता येऊ नये, अशीही सोय त्यात आहे. पासवर्ड कोडमध्ये न लिहिता त्या एन्व्हायर्नमेंटच्या 'सीक्रेट्स'मध्ये ठेवले, तर मंजुरीआधी ते त्या कामाच्या हाती लागत नाहीत.

हे मी नुसतं वाचून सांगत नाहीये. एका वर्षी नववीच्या निकालासाठी मी स्वतः एक तक्ता बनवला होता. आदल्या रात्री एक सूत्र बदललं, दोन नावं पाहिली, बरोबर वाटलं आणि पालकांना पाठवून दिलं. त्या बदलामुळे 'गैरहजर'चा शून्य झाला. तापामुळे एका विषयाची परीक्षा न दिलेली एक मुलगी थेट नापास दिसली. रात्री तिच्या वडिलांचा फोन आला, "सर, पोरगी जेवत नाहीये." चूक दहा मिनिटांत दुरुस्त केली. ती रात्र मात्र तिची गेलीच.

आता नियम केलाय. तक्त्यात आधी पाच खोटे विद्यार्थी भरायचे: एक गैरहजर, एक पैकीच्या पैकी, एक काठावरचा, एक नापास, एक सवलतीच्या गुणांचा. त्यांचा निकाल बरोबर आला आणि दुसऱ्या शिक्षकाने सही केली, तरच तक्ता बाहेर जातो. वर्गातही हा प्रयोग करून बघा. मुलं स्वतःच सहावा विद्यार्थी सुचवतात.

तर आजोबा, बटण एकदाच दाबायचं असतं हे खरं. तुमची नात सुट्टी न घेता थांबते, ती त्याच्या आधीच्या पायऱ्यांसाठी.