मधुमेहाचे मूळ मातेच्या उदरात?

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २००४ साली एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. शेजारी शेजारी उभे असलेले दोन मध्यमवयीन डॉक्टर. एक लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दुसरे पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक. उंचीच्या तुलनेत वजन किती हे सांगणारा 'बॉडी मास इंडेक्स' दोघांचाही नेमका सारखा, २२.३. प्रचलित निकषांनुसार दोघेही सडपातळ. मात्र शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या देहात ती ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या देहात २१.२ टक्के भरली. दोघांच्या आडनावाचे इंग्रजी आद्याक्षर एकच असल्याने या विसंगतीला 'वाय-वाय पॅरॅडॉक्स' असे नाव मिळाले.

छायाचित्रात विनोदाचा भाग होता, पण त्यामागचा प्रश्न गंभीर होता. मधुमेह हा सुखवस्तू आणि स्थूल माणसाचा रोग, ही समजूत आपल्याकडे खोलवर रुजलेली आहे. वैद्यकीय पाठ्यपुस्तकेही बराच काळ तेच सांगत होती, कारण ती पाश्चात्त्य रुग्णांवरून लिहिली गेली होती. पुण्यातील बाह्यरुग्ण विभागात येणारा रुग्ण या वर्णनात बसत नव्हता. तो वयाने लहान असे, अंगाने बारीक असे, आणि तरीही त्याला मधुमेह जडलेला असे. खाणे वाढले, चालणे कमी झाले, ही कारणे खरीच आहेत. परंतु तेच खाणे आणि तेवढेच बसणे भारतीय देहाला अधिक का बाधते, याचे उत्तर त्यांत नाही.

या उत्तराचा एक धागा इंग्लंडमधील जुन्या वह्यांत सापडला. साउदॅम्प्टनचे साथरोगतज्ज्ञ डेव्हिड बार्कर हे १९८० च्या दशकात हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचा नकाशा अभ्यासत होते. श्रीमंतीबरोबर हा रोग वाढतो असे मानले जात असताना, इंग्लंड आणि वेल्समधील गरीब भागांतच मृत्यू अधिक होते. १९२० च्या दशकात जिथे तान्ही मुले जास्त दगावत, तिथेच अर्धशतकानंतर हृदयविकाराचे बळीही जास्त, असे १९८६ साली त्यांनी दाखवून दिले. हा संबंध प्रदेशांचा होता, व्यक्तींचा नव्हता. आणि प्रदेशावरून व्यक्तीविषयी निष्कर्ष काढणे धोक्याचे असते. म्हणून जुन्या जन्मनोंदींचा शोध सुरू झाला. हर्टफर्डशायर परगण्यात सुइणींच्या कामावर देखरेख करणाऱ्या एथेल मार्गारेट बर्नसाइड यांनी १९११ पासून प्रत्येक बाळाचे जन्माच्या वेळचे आणि वर्षभरानंतरचे वजन टिपून ठेवण्याची व्यवस्था लावली होती. त्या नोंदींतील साडेपाच हजारांहून अधिक पुरुषांचे पुढे काय झाले याचा माग काढला असता, जन्मताना आणि पहिल्या वाढदिवशी ज्यांचे वजन सर्वांत कमी होते, त्यांच्यातच हृदयविकाराने मृत्यूचे प्रमाण सर्वाधिक आढळले. १९८९ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनी मधुमेहाबाबतही तेच दिसले.

याचे स्पष्टीकरण आपल्याकडील कोणत्याही गृहिणीला सहज पटेल असे आहे. तुटपुंज्या मिळकतीत संसार चालवताना आधी अत्यावश्यक खर्च भागवला जातो. अन्न कमी पडले तर गर्भही प्रथम मेंदूची बेगमी करतो. स्नायू, मूत्रपिंडे, इन्शुलिन निर्माण करणारे स्वादुपिंड यांच्या वाट्याला कमी येते. ही काटकसर जन्मभर अंगी राहते. अन्नाचे दुर्भिक्ष कायम राहिले तर ती उपयोगी पडते, पण पुढे सुबत्ता आली की तेच शरीर साखरेचा भार पेलू शकत नाही. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नाझींनी केलेल्या अन्नकोंडीत नेदरलँड्समध्ये उपासमार झाली. त्या काळात आईच्या पोटात असलेल्यांची साखर पचवण्याची क्षमता पन्नाशीत इतरांपेक्षा कमी भरली.

भारतात, जिथे कमी वजनाची बाळे घरोघरी जन्मतात, तिथे ही कल्पना तपासणे अगत्याचे होते. १९९३ साली पुणे जिल्ह्यातील सहा गावांत याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साउदॅम्प्टनच्या संशोधकांसह एक अभ्यास सुरू केला. त्याचे वैशिष्ट्य असे की, तो गरोदर स्त्रियांपासून नव्हे, तर त्याही आधीपासून सुरू झाला. विवाहित स्त्रियांच्या पाळीची दरमहा नोंद घेण्यात आली आणि दिवस राहिल्यावर त्यांचा आहार, श्रम, रक्त आणि गर्भाची वाढ यांची मोजदाद झाली. सुमारे आठशे गर्भारपणांचा असा वृत्तांत जमा झाला. या स्त्रियांचे सरासरी वजन ४२ किलो आणि उंची १५२ सेंटीमीटर होती. त्यांच्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. साउदॅम्प्टनच्या बाळांचे साडेतीन किलो.

खरे आश्चर्य वजनात नव्हतेच. ही बाळे सर्वच मापांत सारख्या प्रमाणात लहान असती तर गोष्ट तेथेच संपली असती. त्यांचे पोट आणि दंड इंग्लिश बाळांपेक्षा पुष्कळच लहान होते, पण खांद्याच्या फऱ्याखालील त्वचेची घडी, म्हणजेच कातडीखालची चरबी, जवळपास टिकून होती. हाडामांसाने कृश, पण चरबी राखून असलेले हे बाळ २००३ सालच्या शोधनिबंधात 'थिन-फॅट' म्हणून जगापुढे आले. पुण्यातील बाळांच्या नाळेच्या रक्तात इन्शुलिनही लंडनच्या गोऱ्या बाळांहून अधिक आढळले. 'लॅन्सेट'मधील त्या छायाचित्रातला फरक अशा रीतीने पाळण्यातच दिसून आला.

आईने काय खाल्ले, या प्रश्नाचे उत्तरही अपेक्षेहून वेगळे निघाले. एकूण उष्मांक किंवा प्रथिने यांचा बाळाच्या आकाराशी ठळक संबंध दिसला नाही. हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध यांचा मात्र दिसला. शेतातील कष्ट आणि विहिरीवरून पाणी वाहणे ज्यांच्या वाट्याला अधिक आले, त्यांची बाळे लहान होती. रक्ततपासणीत सुमारे दोन तृतीयांश मातांमध्ये बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मांस अशा प्राणिजन्य अन्नातूनच मिळते, आणि बेताच्या परिस्थितीतील शाकाहारी घरात दूध वाट्याला येते तरी किती? मुले सहा वर्षांची झाल्यावर असे दिसले की, ज्यांच्या मातांमध्ये बी-१२ कमी आणि फॉलेट जास्त होते, त्यांच्यात इन्शुलिनला होणारा शरीराचा विरोध सर्वाधिक होता. २००८ सालच्या या निष्कर्षाने बरीच खळबळ उडाली, कारण फॉलिक आम्लाच्या गोळ्या गरोदर स्त्रियांना सर्रास दिल्या जातात. मज्जारज्जूतील जन्मजात दोष टाळणाऱ्या या गोळ्या बंद कराव्यात, असा त्याचा अर्थ नव्हे. बी-१२ च्या उणिवेकडे कोणी पाहिलेच नव्हते, एवढेच त्यातून सिद्ध होते.

येथे सावधगिरीही हवी. दोन गोष्टी सोबत आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. लहान वजनाचे बाळ बहुधा गरीब घरातले असते आणि पुढेही गरिबीतच वाढते; मग दोष गर्भाचा की गरिबीचा? ब्रिटनमधील दोन संशोधकांनी १९९९ साली आणखी एक शक्यता मांडली. इन्शुलिनचे कार्य मंदावणारी जनुकेच गर्भाची वाढ खुंटवत असतील आणि तीच पुढे मधुमेहही आणत असतील. तसे असेल तर आईच्या ताटात बदल करून फारसे साधणार नाही. निरीक्षणातून हा वाद सुटत नाही, त्यासाठी प्रयोग करावा लागतो.

असा एक प्रयोग मुंबईच्या झोपडवस्त्यांत २००६ पासून झाला. सुमारे साडेसहा हजार स्त्रियांपैकी निम्म्यांना गर्भधारणेच्या आधीपासून रोज पालेभाजी, फळे आणि दूध यांपासून बनवलेला खाऊ दिला गेला, उरलेल्यांना बटाटा, कांदा अशा कमी पोषक भाज्यांचा. सर्व बाळे एकत्र धरली तर वजनात लक्षणीय फरक पडला नाही. गर्भधारणेपूर्वी किमान तीन महिने खाऊ सुरू झालेल्यांच्या बाळांत ४८ ग्रॅमची वाढ दिसली, आणि तीही अतिकृश मातांच्या बाळांत नाही. गरोदरपणातील मधुमेह मात्र १२.४ टक्क्यांऐवजी ७.३ टक्के स्त्रियांनाच झाला. निकाल संमिश्र म्हणावा लागेल. अतिकृश मातेला लाभ का झाला नाही, हा त्यातील बोचरा भाग आहे. तिचे स्वतःचे शरीर तिच्या बालपणी, कदाचित तिच्या आईच्या उदरातच, खुंटलेले असते; काही महिन्यांच्या खाऊने ते भरून कसे निघावे? बाळाच्या वजनाचा दोष सुनेच्या खाण्यापिण्याला देणाऱ्या घरांनी हे आकडे जरूर पाहावेत.

पुण्याजवळच्या त्या सहा गावांतील मुले अठरा वर्षांची झाली, तेव्हा त्यांची पुन्हा तपासणी झाली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार मुलांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के जणांची रक्तशर्करा सामान्य मर्यादेपलीकडे गेली होती; बहुतेक जण मधुमेहाच्या उंबरठ्यावर होते. यांपैकी जवळपास निम्म्या मुलामुलींचे वजन वैद्यकीय निकषानुसार कमी होते. ज्यांची पोटात असतानाची वाढ खुंटली होती आणि लहानपणापासून ज्यांची उपाशीपोटीची साखर थोडी वरच्या बाजूला होती, त्यांच्यातच हा बिघाड अधिक आढळला.

याच मुलामुलींना २०१२ पासून, म्हणजे ते स्वतः आईबाप होण्याच्या आधी, बी-१२ च्या गोळ्या देऊन पाहण्याचा प्रयोग हाती घेण्यात आला. त्यांच्या मुलांची दोन वर्षांची असताना चाचणी झाली, तेव्हा बी-१२ घेतलेल्या मातांची मुले बौद्धिक आणि भाषिक विकासात सरस दिसली. मधुमेहाबाबतचे उत्तर मिळण्यासाठी ही नातवंडे मोठी व्हावी लागतील.