पैसे कटले, पण पोहोचले नाहीत : मोबाइलमागे जागणाऱ्या इंजिनिअरचं काम

२६ मार्च २०२५. रमजानचा शेवटचा अशरा सुरू होता. इफ्तार आणि मगरिब आटोपून लोक ईदच्या खरेदीला बाहेर पडतात, नेमक्या त्याच वेळी, संध्याकाळी सातच्या सुमारास, देशभरात यूपीआय अडखळलं. कुणाचे पैसे जाईनात, कुणाचे कटले पण दुकानदाराला दिसेनात.

गोंदियाच्या बाजारात एरवीही हा प्रसंग आपल्यापैकी अनेकांवर येतो. ग्राहक म्हणतो, "भाई, माझे कटले." दुकानदार म्हणतो, "माझ्याकडे आवाज नाही आला." दोघंही खरं बोलत असतात, तरी दोघांचीही मान खाली जाते. अशा वेळी ही गाठ सोडवायला कुठेतरी एक माणूस बसलेला असतो. त्याच्या हुद्द्याचं नाव साइट रिलायबिलिटी इंजिनिअर, थोडक्यात एसआरई. आपल्या घरात हे नाव फारसं कुणी ऐकलेलं नाही, म्हणून आज त्याविषयी लिहीत आहोत.

एका स्कॅनमागे किती जण?

आपण क्यूआर स्कॅन करून पिन टाकतो तेव्हा निरोप आधी अ‍ॅपकडे, तिथून त्या अ‍ॅपच्या भागीदार बँकेकडे, मग एनपीसीआय या मधल्या संस्थेकडे जातो. एनपीसीआय आपल्या बँकेला सांगते, "इतके पैसे काढा", आणि दुकानदाराच्या बँकेला सांगते, "इतके जमा करा". मग 'झालं' हा निरोप त्याच वाटेने परत येतो. हे सगळं काही सेकंदांत होतं.

यातल्या एका जागी जरी उत्तर यायला उशीर झाला, तरी मोबाइलवर 'पेंडिंग' दिसतं. म्हणजे पैसे बुडाले असं नाही. ते जमा झालेही असतील, फक्त निरोप परतला नसेल. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआयवर ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात २,००० कोटींहून जास्त व्यवहार झाले. एवढ्या गर्दीत हजारात एक जरी अडकला, तरी अडकलेल्यांचा आकडा दोन कोटींवर जातो.

एसआरई नेमकं करतो काय?

सॉफ्टवेअर लिहिणारे वेगळे. ते लिहिलेलं सॉफ्टवेअर रात्रंदिवस चालतं ठेवणं हे एसआरईचं काम. २००३ च्या सुमारास गूगल कंपनीत ही कामाची पद्धत सुरू झाली, आता बँका आणि पेमेंट कंपन्यांतही ती रुजली आहे.

त्यांचा हिशोब मिनिटांचा असतो. यंत्रणा ९९.९ टक्के वेळ चालू ठेवायची म्हटलं तर ३० दिवसांत फक्त ४३ मिनिटं बंद पडायची मुभा मिळते. ९९.९९ टक्के म्हटलं, तर जेमतेम सव्वाचार मिनिटं. ही मुभा संपत आली की नवीन सुविधा टाकणं थांबवायचं आणि आधी आहे ते पक्कं करायचं, असा नियम अनेक ठिकाणी पाळतात.

पैशांच्या कामात आणखी एक पथ्य असतं. प्रत्येक व्यवहाराला स्वतःचा क्रमांक हवा. तोच आदेश चुकून दोनदा आला, तरी पैसे एकदाच कटले पाहिजेत.

आणि बिघाड झाल्यावर? "कुणी केलं?" यापेक्षा "असं घडू कसं शकलं?" हे आधी विचारायचं आणि उत्तर लिहून ठेवायचं. बोट दाखवलं की माणसं चूक लपवतात आणि तीच चूक पुन्हा होते.

काटा एक, विचारणारे शंभर

धानाच्या हंगामात खरेदी केंद्रावरची गर्दी आपल्या जिल्ह्याला नवी नाही. काटा एक, मोजणारा एक. शेतकरी आपापल्या नंबरची वाट पाहत राहिले तर पोती मोजली जातात. पण प्रत्येकजण दर मिनिटाला पुढे जाऊन "माझं झालं का?" विचारू लागला, तर मोजणारा उत्तरंच देत बसेल आणि काटा थांबेल.

१२ एप्रिल २०२५ च्या शनिवारी यूपीआयचं असंच झालं. काही बँकांच्या यंत्रणा "त्या व्यवहाराचं काय झालं?" हा प्रश्न एनपीसीआयला पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या, अगदी जुन्या व्यवहारांसाठीसुद्धा. त्या प्रश्नांच्या ओझ्याखाली नवे व्यवहार अडकले. नंतर अशा विचारण्यावर मर्यादा आली. १ ऑगस्ट २०२५ पासून एका अ‍ॅपवर दिवसाला ५० वेळाच बॅलन्स पाहता येतो, तोही ओझं कमी करण्यासाठीच.

रिझर्व्ह बँकही हे हलक्यात घेत नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये एचडीएफसी बँकेच्या डेटा सेंटरची वीज गेली आणि सेवा कोलमडली. आधीचेही बिघाड होतेच. डिसेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने त्या बँकेला नव्या डिजिटल योजना आणि नवीन क्रेडिट कार्ड थांबवायला सांगितलं. पूर्ण बंदी उठायला मार्च २०२२ उजाडला.

आपले पैसे अडकले तर

- लगेच दुसऱ्यांदा पाठवू नका. आधी थोडं थांबा आणि अ‍ॅपमधला व्यवहाराचा १२ अंकी क्रमांक जपून ठेवा.
- रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमानुसार, माणसाला पाठवलेले पैसे पोहोचले नाहीत तर ते दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत. दुकानात दिलेल्या पैशांसाठी ही मुदत पाच दिवसांची आहे. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई हा ग्राहकाचा हक्क आहे.
- आधी अ‍ॅपमध्ये, मग बँकेत लेखी तक्रार करा. ३० दिवसांत दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी क्रमांक १४४४८.
- कस्टमर केअरचा नंबर इंटरनेटवर शोधू नका. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. फसवणूक झाली तर ताबडतोब १९३० वर फोन करा.

आपल्या मुलामुलींसाठी

या कामाला मोठ्या घराण्याची ओळख लागत नाही. लिनक्स, नेटवर्किंग, डेटाबेस, पायथनसारखी एक भाषा आणि क्लाउडची ओळख एवढा पाया लागतो. यातलं बरंचसं फुकट शिकता येतं. साधा जुना कॉम्प्युटर घ्या, त्यावर छोटी वेबसाइट चालवा, मुद्दाम बंद पाडा आणि पुन्हा उभी करा. मुलाखतीत प्रमाणपत्रापेक्षा हे सांगता येणं जास्त कामी येतं. नोकऱ्या प्रामुख्याने पुणे, मुंबई, बेंगळुरू, हैदराबादकडे आहेत. गोंदियाहून विदर्भ एक्सप्रेस आणि महाराष्ट्र एक्सप्रेसने आपली मुलं शिकायला जातातच. काही ठिकाणी घरून काम करता येतं, मुलींसाठी हीही सोय आहे.

पण घरच्यांनी एक गोष्ट समजून घ्यावी. या नोकरीत पाळीपाळीने रात्री जागं राहावं लागतं. दस्तरखानावर बसल्या बसल्या फोन वाजला आणि मुलगी उठून लॅपटॉपकडे धावली, तर "हिचं मोबाइलचं वेड" म्हणून रागावू नका. पाळी आधीच ठरलेली असते, त्यामुळे सहरी, तरावीह, जुमा, ईद यांसाठी सहकाऱ्याशी वेळेत अदलाबदल करता येते. मुलांनीही ते आधीच बोलून घ्यावं.

आमच्याकडे नेहमी एक प्रश्न येतो, "यात व्याजाचं काय?" पैसे इकडून तिकडे पोहोचवणं हे एक काम आणि व्याजावर कर्ज देणं हे दुसरं. फिनटेक कंपन्या कधी एक, कधी दोन्ही करतात. आपल्याला कोणत्या कामावर घेत आहेत हे मुलाखतीतच विचारा आणि ती पूर्ण माहिती घेऊन आपल्या आलिमांचा सल्ला घ्या. अर्धवट माहितीवर नोकरी घेऊही नये, सोडूही नये.

दुसऱ्याचा पैसा आपल्या हातात असेपर्यंत ती अमानत असते, हे आपल्याला लहानपणापासून शिकवतात. धानाचे चुकारे, मजुरी, हॉस्टेलला पाठवलेले पैसे आता याच तारांमधून जातात. ते ज्याचे त्याला, तेवढेच आणि वेळेवर पोहोचावेत म्हणून कुणीतरी जागायला हवं. ते काम गोंदियाच्या मुलामुलींनाही जमण्यासारखं आहे.