नातवंडं मागे ठेवून मिशनवर: रिटायरमेंटनंतर परदेशी धर्मसेवेला निघणारी जोडपी

ज्यांना भाग ऐकायला वेळ झाला नाही, किंवा लोकलमध्ये रेंज गेली, त्यांच्यासाठी हा लेखी भाग. बोलताना मी जे 'म्हणजे', 'म्हणजे' करत राहतो ते बरंचसं काढलंय, बाकी तसंच ठेवलंय.

मागच्या महिन्यात मावशी आणि काकांना एअरपोर्टवर सोडायला गेलो होतो. न्यू जर्सीला चाललेत, मुलीच्या बाळंतपणासाठी. बॅगेत डिंकाचे लाडू, मेतकूट, गोडा मसाला, बाळाची झबली. सहा महिने राहायचं आणि परत यायचं. आपल्याकडे साठीनंतरचा परदेश म्हणजे बहुतेक वेळा हाच. नातवंडं जिकडे, तिकडे आजी-आजोबा.

त्याच वयाचं एक जोडपं आता अमेरिकेतल्या युटा राज्यात डोळ्यांसमोर आणा. घराजवळ मुलं आहेत, पाच-सहा नातवंडं आहेत, दर रविवारी सगळे जेवायला जमतात. आणि हे दोघं काय करतात? घर भाड्याने देतात, गाडी मुलाकडे ठेवतात, दोन-दोन सुटकेस भरतात आणि दीड वर्षासाठी घानाला निघतात. पगार नाही. उलट खर्च स्वतःचा. शर्टावर एक छोटा काळा बिल्ला, त्यावर आडनाव आणि चर्चचं नाव.

ही मंडळी 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' या पंथाची. लोक त्यांना 'मॉर्मन' म्हणतात, पण २०१८ पासून चर्चचा आग्रह आहे की पूर्ण नाव घ्या. १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ यांनी पंथ सुरू केला, मुख्यालय सॉल्ट लेक सिटीत. यांचे पांढरा शर्ट आणि टाय घातलेले अठरा-एकोणीस वर्षांचे मिशनरी तुम्ही सिनेमात तरी पाहिले असतील. ते दोन वर्षं जातात, मुली दीड वर्ष. पण त्यांच्याच मागे एक दुसरी फळी उभी असते, तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. ती म्हणजे सीनियर कपल्स.

गंमत बघा, अठरा वर्षांच्या पोरालाही तिथे 'एल्डर' म्हणतात, म्हणजे वडीलधारा. आणि सत्तरीच्या आजोबांनाही 'एल्डर'च. आजी 'सिस्टर'. मिशनवर असेपर्यंत पहिलं नाव कुणी घेत नाही. चाळीस वर्षं कंपनीत 'सर' ऐकलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागत असणार.

नियम मात्र दोघांसाठी वेगळे आहेत. तरुण मिशनरी कुठे जाणार हे चर्च ठरवतं, त्यांनी फक्त 'हो' म्हणायचं. सीनियर जोडप्याला अर्जात आवड सांगता येते: कुठलं काम, कुठला प्रदेश, किती काळ. अंतिम नेमणूक चर्चचीच. काळ साधारण ६ ते २३ महिन्यांमधला. घरी सांभाळायची मुलं नसावीत आणि तब्येत झेपणारी असावी. तरुणांना घरी फोन करायला आठवड्यातला एक दिवस मिळतो, आणि तेही २०१९ पासून; त्याआधी वर्षातून दोनदाच! सीनियर मंडळींना हे बंधन नाही. रोज व्हिडिओ कॉल करा, कोण विचारतंय?

आता पैशाचं बोलू, कारण खरी अडचण तिथेच आहे. या पंथात उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला द्यायची पद्धत आहे. तो दिल्यावर जे उरतं त्यातून मिशन. जेवण, औषधपाणी, घरभाडं. २०११ मध्ये चर्चने घराच्या खर्चाला महिना १,४०० डॉलरची मर्यादा घातली, त्याच्या वरचं चर्च भरतं, कारण काही शहरांत भाडंच परवडेना. आणखी एक खाच आहे. अमेरिकेत पासष्टीनंतर सरकारी मेडिकेअर मिळतं, पण ते देशाबाहेरच्या उपचारांना सहसा लागू होत नाही. म्हणजे ज्या वयात दवाखान्याची सगळ्यात जास्त गरज, त्याच वयात वेगळा विमा काढून दूरदेशी जायचं. 'श्रद्धा' हा शब्द आपण सहज वापरतो. इथे तिचा हप्ता भरावा लागतो.

निघण्याआधी थोड्या दिवसांचं प्रशिक्षण असतं. सगळ्यात मोठं केंद्र युटातल्या प्रोव्हो शहरात. तिथे विशीच्या आतली पोरं कॉरिडॉरमध्ये स्पॅनिश नाहीतर जपानी क्रियापदं घोकत असतात आणि त्यांच्यातून आजी-आजोबा हातात फाइल घेऊन चाललेले असतात. भाषेच्या बाबतीत सीनियर लोकांवर सक्ती नसते. येईल तेवढी शिका, नाहीतर हसून काम चालवा.

मग तिथे जाऊन करायचं काय? आपल्याला वाटतं दारोदार फिरून प्रचार. ते काम मुख्यतः तरुणांचं. सीनियर जोडपी मिशनचं ऑफिस चालवतात: पोरांचे व्हिसा, फ्लॅटचे भाडेकरार, गाड्यांची देखभाल, हिशोब. कुणी विहिरी आणि व्हीलचेअरच्या मदतप्रकल्पांवर लक्ष ठेवतं. निवृत्त डॉक्टर असेल तर आजारी पडलेल्या मिशनरींना सल्ला देतो. कुणी छोट्या गावातल्या नव्या मंडळीला सभा कशी चालवायची, हिशोब कसा ठेवायचा ते शिकवतं. कुणी जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी कॅमेऱ्याने टिपत बसतं. या पंथात लग्न हे मरणानंतरही टिकणारं मानतात, पिढ्या एकमेकींना जोडायच्या असतात, म्हणून वंशावळीचं एवढं वेड. १९३८ पासून कित्येक दशकं ते जगभरच्या नोंदींच्या मायक्रोफिल्म काढत होते. आणि नवरा-बायको जोडीनेच का जातात, त्याचं उत्तरही बरंचसं इथेच आहे.

आता आपलं जोडपं अक्रात उतरलंय असं धरू. हे जोडपं मी कल्पनेतलं घेतलंय, पण आजूबाजूचं सगळं खरं आहे. पिवळ्या तापाची लस टोचल्याशिवाय घानात प्रवेश नाही, ती झालीय. मलेरियाच्या गोळ्या चालू आहेत. पहिल्याच आठवड्यात लाइट जाते. तिथे त्याला 'डमसर' म्हणतात, स्थानिक भाषेत 'बंद-चालू'. आपल्या लोडशेडिंगपेक्षा किती नेमका शब्द! रस्त्यावरची लहान मुलं 'ओब्रुनी, ओब्रुनी' ओरडतात, म्हणजे 'गोरा परदेशी'. बाजारात आजोबा डाव्या हाताने पैसे पुढे करतात आणि भाजीवालीचा चेहरा पडतो. डावा हात तिथे अपमान. आपल्याकडच्या कुठल्याही आजीने हे एका मिनिटात समजावलं असतं. युटाच्या माणसाला मात्र पन्नास वर्षांची सवय मोडायची असते.

इंग्रजी चालते, हा मोठा आधार. पण इंग्रजी तीच असली तरी वेग वेगळा, लय वेगळी. आणि लोकांची नावं! अकान लोकांत जन्माच्या वारावरून नाव असतं. शुक्रवारचा मुलगा कोफी. संयुक्त राष्ट्रांचे कोफी अन्नान म्हणजे शुक्रवारी जन्मलेले, हे मला हा भाग करताना कळलं.

खरं अवघड काम घरातलं. चाळीस वर्षांच्या संसारात नवरा दिवसभर बाहेर आणि बायकोचं स्वतःचं जग, अशी घडी बसलेली असते. आता दोघं एकाच टेबलावर, एकाच गाडीत, एकाच कामावर. एकाला कॉम्प्युटर येतो, दुसऱ्याला धीर आहे. भांडण झालं तर जायचं कुठे? ना मैत्रीण जवळ, ना बहीण. संध्याकाळी आठ वाजता फोन लावला की युटात दुपारचा एक, नातू शाळेत. सुट्टीच्या दिवशी तो सापडतो आणि स्क्रीनवर फक्त कपाळ दाखवतो. मधल्या काळात कुणाचं लग्न होतं, कुणाची आई जाते. परवानगी घेऊन, स्वतःच्या खर्चाने थोड्या दिवसांसाठी घरी जाता येतं. पण जायचं की नाही, हा हिशोब प्रत्येक वेळी नव्याने मांडावा लागतो.

आणि मग हळूहळू एक वेगळंच होतं. घरची आठवण येणारी अठरा वर्षांची पोरं या दोघांच्या फ्लॅटवर जेवायला यायला लागतात. स्वतःची नातवंडं तिकडे, आणि इकडे दुसऱ्यांची नातवंडं आजीच्या हातचं खाताना रडू आवरतायत. खरं सांगू, हे मला अगदी आपल्याकडच्या होस्टेलजवळच्या खानावळीसारखं वाटलं.

घानाच का घेतलं? कारण पश्चिम आफ्रिकेत या चर्चची अधिकृत सुरुवातच सीनियर जोडप्यांनी केली. आणि त्यामागची गोष्ट चर्चसाठी काही फार अभिमानाची नाही. जून १९७८ पर्यंत कृष्णवर्णीय पुरुषांना इथे पुरोहितपद मिळत नव्हतं. तरीही घाना आणि नायजेरियात लोकांनी पुस्तकं आणि पत्रकं वाचून स्वतःच मंडळ्या काढल्या होत्या. घानात जोसेफ विल्यम बिली जॉन्सन, नायजेरियात अँथनी ओबिन्ना. वर्षानुवर्षं सॉल्ट लेकला पत्रं लिहीत होते: माणसं पाठवा. बंदी उठली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रेंडेल आणि रेचल मेबी, एडविन आणि जॅनथ कॅनन ही दोन जोडपी नायजेरियात पोचली, तिथून डिसेंबरमध्ये घानात. चौघंही प्रौढ, अनुभवी. मेबी वकील, राजकारणातही होते. जॅनथ कॅनन चर्चच्या महिला संघटनेत वरच्या पदावर राहिलेल्या. वर्षभरात त्यांनी हजाराहून जास्त लोकांना बाप्तिस्मा दिला. म्हणजे चर्च लोकांपर्यंत गेलं, असं म्हणण्यापेक्षा लोक आधीच उभे होते आणि चर्च उशिरा पोचलं, हे जास्त खरं.

आणि सगळं सुरळीतही नव्हतं. जून १९८९ मध्ये घाना सरकारने या चर्चचं काम बंद केलं. परदेशी मिशनऱ्यांना देश सोडावा लागला. नोव्हेंबर १९९० मध्ये बंदी उठली. त्या दीड वर्षात स्थानिक लोक घराघरात प्रार्थना करत राहिले. परदेशी पाहुणा निघून गेल्यावर काय उरतं, याची याच्याइतकी चोख परीक्षा नसेल.

आता तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या मनात आलेला प्रश्न. मागच्या वेळी तर कमेंटमध्ये आलाच होता: शेवटी धर्मांतरासाठीच ना हे सगळं? मला गोलमोल उत्तर द्यायचं नाही. सीनियर जोडपी विहिरीचं काम बघतात, ऑफिस बघतात, हे खरं. पण 'मी फक्त हिशोब लिहितो, प्रचाराशी माझा संबंध नाही' असं त्यांच्यातलं कुणी म्हणालं, तर ते वारीत पाण्याचा टँकर चालवणाऱ्याने 'मी वारीत नाही' म्हणण्यासारखं आहे. ते वारीतच आहेत. आणि बहुतेक जण हे लपवतही नाहीत. माझ्यापुरतं म्हणाल तर उघडपणे सांगून आलेल्या माणसाशी वाद घालणं मला सोपं वाटतं. मदत घेणाऱ्याला 'नको' म्हणायची मोकळीक आहे का, एवढं मी बघतो. आणि गरीब देशात ती मोकळीक किती खरी असते, हा प्रश्न माझ्यासाठी अजून सुटलेला नाही.

भारतात तर यासाठी मिशनरी व्हिसा हा वेगळा प्रकारच आहे. टुरिस्ट व्हिसावर हे काम करता येत नाही. २०२१ च्या अधिसूचनेनंतर ओसीआय कार्ड असलेल्यांनाही मिशनरी कामासाठी खास परवानगी लागते.

आपल्या मातीशी या चर्चची ओळख जुनी आहे. ह्यू फिंडले नावाचा त्यांचा मिशनरी १८५२ मध्ये मुंबईत आला आणि पुण्याच्या छावणीत त्याने छोटी मंडळी उभी केली. पण फारसं काही रुजलं नाही आणि काही वर्षांत तो निघून गेला. त्याच्याही आधी, १८१३ मध्ये, वेगळ्या पंथाचे अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल मुंबईत आले होते. त्यांनी १८२५ मध्ये बायको आणि दोन मुलांना जहाजाने अमेरिकेला पाठवलं. एक मुलगा वाटेतच गेला. पुढच्याच वर्षी नाशिकजवळ कॉलऱ्याने हॉलही गेले, वय एकेचाळीस. तेव्हा मिशन म्हणजे परतीचं तिकीट नसायचं. आजच्या जोडप्याकडे ते असतं, त्यावर तारीखही असते.

ती तारीख आली की काय होतं, ते मला जास्त भावलं. समारंभ वगैरे काही मोठा नसतो. गावी परतल्यावर स्थानिक चर्चचा प्रमुख त्यांना 'रिलीज' करतो आणि बिल्ला उतरतो. एल्डर आणि सिस्टर पुन्हा आपल्या पहिल्या नावांवर येतात. एखाद्या रविवारी सभेत उभं राहून दोघं आपला अनुभव सांगतात. मग भाडेकरूंकडून घर ताब्यात घ्यायचं, बिघडलेला नळ दुरुस्त करायचा. आणि निघताना पाळण्यात असलेली नात आता चालते, पण या दोघांना ओळखत नाही. आईच्या मागे लपते. तिच्याशी ओळख पहिल्यापासून करायची.

मावशीचा काल मेसेज आला. मुलगी झाली, सव्वातीन किलो. डिंकाचे लाडू कस्टम्समधून सुटले म्हणे.

भेटू पुढच्या भागात. प्रश्न नेहमीच्या ठिकाणी व्हॉइस नोटने पाठवा, लिहायचा कंटाळा असतो हे मला माहितीय.