मचूळ पाण्यातले मीठ ओढणारे पत्रे

परभणीकडच्या काळ्या रानात काही विहिरींचे, बोअरचे पाणी मचूळ लागते. डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हंड्याच्या बुडाशी पांढरा थर धरतो. असे पाणी विजेने गोडे करण्याची एक रीत आहे.

मीठ पाण्यात विरघळले की त्याचे दोन प्रकारचे कण होतात. एकावर धन भार, दुसऱ्यावर ऋण. यंत्रात सच्छिद्र कोळशाचे दोन पत्रे समोरासमोर बसवतात आणि त्यांना सुमारे सव्वा व्होल्ट वीज देतात, म्हणजे टॉर्चच्या एका सेलपेक्षाही कमी. मधून पाणी सोडले की धन कण ऋण पत्र्याला चिकटतात, ऋण कण धन पत्र्याला. पत्रे भरले की वीज बंद किंवा उलटी करायची. साठलेले क्षार थोड्या पाण्याबरोबर निघून जातात. अमेरिकेत ओक्लाहोमा येथे 1960 च्या सुमारास हे प्रयोग सुरू झाले. आपल्याकडे चेन्नईच्या आयआयटीत यावर काम झाले आहे.

आर. ओ. यंत्रात पाणी दाबाने पडद्यातून ढकलावे लागते आणि घरगुती यंत्रात पुष्कळदा निम्म्याहून अधिक वाया जाते. मचूळ पाण्यासाठी पत्र्यांची रीत काटकसरीची. समुद्राच्या पाण्याला मात्र ती परवडत नाही. ती जंतू मारीलच असेही नाही, तेव्हा पाणी उकळणे चुकत नाही.

मग याच यंत्राने ऊस भिजवता येईल का? हिशेब करून पाहा. एकराला पाच सेंटिमीटरची एक पाळी म्हणजे दोन लाख लिटर पाणी. लिटरमागे एक ग्रॅम क्षार धरला तरी एका पाळीत दोन क्विंटल क्षार रानात पडतात. सहा पाळ्यांत बारा क्विंटल! एवढे पाणी गोडे करणे परवडायचे नाही. घरात पिण्या-रांधण्याला पंचवीस-तीस लिटर पुरतात. यंत्राची जागा तिथेच. रानाला हवा निचरा. चर काढलेले असतील तर पावसाचे पाणी क्षार धुऊन नेते. जायकवाडी किंवा पूर्णेच्या कालव्याखाली भिजणाऱ्या भारी जमिनीत तर चर आधी, पाणी नंतर. जिप्सम माती तपासूनच घाला. प्रत्येक पांढरी जमीन चोपण नसते.

यंत्र घेण्याआधी पाणी तपासून घ्या. पंप दहा मिनिटे चालवून मग स्वच्छ बाटली भरा. लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत क्षार असतील तर त्यासाठी यंत्र नकोच, विक्रेता काहीही सांगो. दुसरे पाणीच नसेल तर 2000 पर्यंत चालते, असे भारतीय मानक सांगते. यंत्रातून निघालेले खारे पाणी परसातल्या वांगी-मिरचीला घालू नका. गोठा धुवायला वापरा.