सुट्ट्या पैशांचा काटा

उसाची गाडी काट्यावर चढली की आपण डोळ्यांत तेल घालून आकडा बघतो. भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, पावती, सगळं दोनदा तपासतो. बाजारातून आलेली चिल्लर मात्र न बघताच डब्यात पडते. आपले वाडवडील असे नव्हते. रुपया ते दगडावर वाजवून घेत. खणखणीत वाजला तर ठेवला, बद्द वाजला तर परत. त्या चांदीच्या रुपयाचं वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. असे ८० रुपये तागडीत टाकले की पक्का शेर. कड कानशीनं घासून चांदी काढणारे महाभागही होते, म्हणून तोलूनही घेत. १९४० साली रुपयातली चांदी निम्म्यावर आली, १९४७ ला निकेलचा रुपया आला आणि तोलायचं कारणच उरलं नाही.

आता हलकं नाणं हाती आलं की आपण ते खोटं समजून दुसऱ्याच्या गळ्यात मारतो. बहुतेक वेळा ते सरकारचंच असतं. एकट्या रुपयाचीच वजनं बघा. १९८३ पासूनचा तांबे-निकेलचा ६ ग्रॅमचा, १९९२ पासूनचा पोलादी ४.८५, २०११ चा ३.७९ आणि २०१९ चा तर ३.०९ ग्रॅम. पाचाचं जुनं जाड नाणं ९ ग्रॅमचं, पुढचं ६ ग्रॅमचं. तेव्हा आधी साल बघावं, मग वजन. किराणा दुकानाच्या काट्यावर एक नाणं नीट तोललं जात नाही. एकाच सालाची, एकाच घडणीची वीस-पंचवीस एकदम टाकावीत. लोहचुंबकही ठेवावा. पोलादी नाणं त्याला चिकटतं, तांबे-निकेलचं चिकटत नाही.

दहाचं नाणं चालत नाही म्हणणारे दुकानदार आहेतच. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं की तोवर काढलेले चौदाही नमुने चलनात आहेत, रुपयाचं चिन्ह असो वा नसो. पावली मात्र ३० जून २०११ नंतर गेली.

टांकसाळीची चूक हा वेगळाच प्रकार. तिथं पत्र्यातून चकत्या कापतात, आपल्या घरी लाटलेल्या पोळीतून वाटीनं पुऱ्या कापतात तशा. वाटी आधीच्या भोकावर चढली तर पुरी चंद्रकोरीसारखी तुटकी निघते. नाण्याचंही तेच होतं. असं नाणं हलकं असतं, तरी अस्सल असतं. कुणी नंतर कानस मारली असेल तर कसं ओळखायचं? तुटक्या जागेच्या बरोबर समोरची कड बघा. टांकसाळीतल्या चुकीत ती बहुधा पुसट उठते, कारण ठसा मारण्याआधी चकतीची कड उठवताना त्या जागी दाब पुरा मिळत नाही. कानस मारलेल्याची समोरची कड ठणठणीत असते.

ठसा एका बाजूला सरकलेलं नाणं वजनाला पूर्ण भरतं. दोन्हीकडं एकच चित्र, पण एका बाजूला उलटं आणि खोलगट, ते 'लाखी' नाणं. आधीचं नाणं ठशाला चिकटून राहिलं की पुढच्या चकतीवर ते असं उमटतं. ट्रॅक्टरखाली चेपलेलं किंवा मुलांनी रेल्वे रुळावर ठेवलेलं नाणं घेऊन मात्र कुणी सोनाराकडं धावू नये. तारखेखालचा चौकट मुंबईचा, चांदणी हैदराबादची, ठिपका नोएडाचा. कोलकात्याच्या नाण्याला खूण नसते. खूण नाही म्हणून नाणं चुकीचं, असं सांगणारा एकतर अडाणी किंवा लबाड.

लबाडांचंच सांगायचं. २०१२ चं वैष्णोदेवीचं नाणं लाखाला जातं, आधी नोंदणी फी पाठवा, असे फोन येतात. ते नाणं सरकारनं चलनासाठीच काढलेलं. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं आहे की ती अशा व्यवहारात नाही आणि कसलीही फी मागत नाही. उसाच्या बिलातला एक पैसाही त्यांच्या हाती जाऊ देऊ नका.

खरी चूक असलेलं नाणं सापडलंच, तर त्याला संग्राहक थोडेफार जास्त देतो, किती ते त्याच्या हौसेवर. देवघरातल्या भांड्यांबरोबर ते चिंचेनं घासू नका. घासलेलं नाणं तो बाजूला सारतो. कोरड्या कागदात गुंडाळून ठेवा.